‘उतारा किती?’ म्हणजे नेमका कोणता उतारा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाच्या व्हॉट्सॲप गटावर अधूनमधून सर्वेक्षणाची एखादी लिंक येऊन पडते. पाठवणारा कधी पीएच.डी.चा विद्यार्थी असतो, कधी सामाजिक संस्था, कधी शेतकरी उत्पादक कंपनी, कधी वृत्तपत्रही. ‘दोनच मिनिटं लागतील, भरा आणि पुढे पाठवा.’ पंधरा दिवसांनी त्याचेच रंगीत गोल आलेख फिरू लागतात : इतके टक्के समाधानी, तितके टक्के नाराज. आकडे विचित्र निघाले की दोष भरणाऱ्यांवर जातो, ‘लोक गंभीरपणे भरत नाहीत’ म्हणून. आमच्या मते बहुतेक उत्तरं फॉर्म बनवतानाच बिघडलेली असतात. भरणारा बिचारा समोर येईल ते भरतो.

‘तुमचा उतारा किती?’ हा साधा प्रश्न घ्या. आपल्याकडे सातबाऱ्याचा उतारा असतो, सोयाबीनचा एकरी उतारा असतो आणि कारखान्यात साखरेचाही उतारा असतो. ऊस लावणारा एक जण या चौकटीत ४० लिहील, म्हणजे एकरी टन. दुसरा १०.५ लिहील, म्हणजे कारखान्याचा साखर उतारा. तिसरा सातबारा काढून गट क्रमांक टाकील. तिघांनीही खरंच उत्तर दिलेलं आहे. एक्सेल मात्र या तिन्ही आकड्यांची सरासरी काढून मोकळं होतं.

जमिनीच्या प्रश्नात याहून बारीक खोट असते, कारण तिथे आकडा चुकलेला दिसतच नाही. ‘जमीन किती (एकर)?’ असं विचारून एकच चौकट ठेवली, की सव्वादोन एकरवाला माणूस ‘२.१०’ लिहितो. त्याच्या डोक्यात ते दोन एकर दहा गुंठे असतात. एकराचे गुंठे ४०, त्यामुळे खरा आकडा २.२५. संगणक २.१० चा अर्थ दोन एकर चार गुंठे असा लावतो आणि सहा गुंठे हवेत जातात. पावणेतीन एकरवाला ‘२.३०’ लिहितो, तिथे अठरा गुंठे जातात. ज्याने सातबारा समोर ठेवून भरलं तो हेक्टर-आरचा आकडा उचलतो : ०.८१. ती प्रत्यक्षात दोन एकर जमीन, पण शीटमध्ये तो एकरभरही नसलेला अल्पभूधारक ठरतो. या चुकांना फॉर्ममधली आकड्याची तपासणी अडवू शकत नाही, कारण २.१०, २.३० आणि ०.८१ हे तिन्ही आकडे तिच्या लेखी रास्तच असतात.

उपाय फुकटचा आहे. दोन चौकटी करा : ‘एकर’ आणि ‘गुंठे’. गुंठ्यांच्या चौकटीत ० ते ३९ एवढेच पूर्ण आकडे स्वीकारा. आणि ‘जमीन’ म्हणजे काय तेही फोडून विचारा. सातबारा अजून वडिलांच्या नावावर, खातं चार भावांचं सामाईक, स्वतः कसतो तीन एकर आणि वर दोन एकर बटईने किंवा ठोक्याने केलेली, अशा माणसाने नेमकं काय लिहायचं? नावावर किती, स्वतः कसता किती, दुसऱ्याची कसता किती, असे तीन छोटे प्रश्न एका मोठ्या प्रश्नापेक्षा लवकर भरून होतात. उत्पादनाचंही तेच. ‘किती पोती झाली?’ याला अर्थ नाही, पोत्यात किती भरलं ते माणसागणिक बदलतं. ‘काट्यावर किती क्विंटल भरलं?’ असं विचारावं आणि ‘अजून माप झालेलं नाही, अंदाज सांगतो’ असा पर्याय वेगळा द्यावा, म्हणजे मोजलेलं आणि अंदाजाचं एका रांगेत बसणार नाही.

गाव-तालुक्याच्या रकान्यात मोकळी चौकट ठेवणं म्हणजे पुढची दोन रात्रींची जागरणं ओढवून घेणं. एकच जिल्हा औरंगाबाद, संभाजीनगर, छ. संभाजीनगर, अ’बाद अशा चार नावांनी येतो. धाराशिव-उस्मानाबादचीही तीच गत. विभागात ८ जिल्हे आणि ७६ तालुके आहेत. ही यादी एकदाच करून ठेवावी, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव अशी उतरत न्यावी. पिंपळगाव आणि वडगाव इतक्या तालुक्यांत आहेत की नुसत्या गावाच्या नावावरून काहीच कळत नाही.

हे सगळं किरकोळ वाटेल, पण मापातली चूक नमुना वाढवून, म्हणजे जास्त जणांना विचारून, भरून निघत नाही. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांबाबत हेच दाखवून दिलं होतं. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असला, की त्याच्या कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. असे तुकडे शंभराऐवजी हजार घेतले तरी फुगवटा तसाच राहतो, उलट त्या चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘आमच्याकडे बारा हजार प्रतिसाद आले’ असं छाती काढून सांगणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण मराठवाड्यात पाण्यावर जितके फॉर्म फिरतात तितके दुसऱ्या कशावर क्वचितच फिरत असतील. ‘नळाला पाणी किती दिवसांआड येते?’ हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. एक दिवसाआड म्हणजे काय यावर सगळ्यांचं एकमत आहे. ‘चार दिवसांआड’ म्हटलं की मात्र फाटे फुटतात. काहींच्या बोलण्यात मध्ये चार कोरडे दिवस जाऊन पाणी पाचव्या दिवशी येतं, काही जण चौथ्या दिवशी येणाऱ्या पाण्यालाच चार दिवसांआड म्हणतात. एका घरातले दोघे दोन वेगळी उत्तरं देतील आणि दोघंही बरोबर असतील.

मग पुस्तकात पाहून कोणी ‘गेल्या ७ दिवसांत किती दिवस पाणी आलं?’ असं विचारतो. जिथे रोज किंवा दिवसाआड पाणी येतं तिथे हे चालेल. जिथे आठवड्या-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथे सात दिवसांच्या खिडकीत काहींना शून्य दिसेल, काहींना एक, आणि ‘पाणीच येत नाही’ व ‘दहा दिवसांनी येतं’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच शून्यात मिसळतील. तिथे शेवटचं पाणी कोणत्या तारखेला आलं आणि त्याआधीचं कोणत्या तारखेला, असे दोनच प्रश्न तारीख निवडायच्या सोयीसह विचारावेत. नळ कोरडा गेला तो दिवस आणि आला तो दिवस बायकांना पक्का आठवतो. वजाबाकी संगणकाने करावी. ‘पाणी वेळेवर आणि पुरेसे येते का?’ हा प्रश्न तर कुठल्याच फॉर्ममध्ये नसावा. वेळेवर येतं पण पुरत नाही, त्याने ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’?

किती मागचं विचारावं, हा भल्याभल्यांना फसवणारा प्रश्न आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत खाण्यापिण्याचा खर्च त्याच कुटुंबांना ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा शेजारी-शेजारी विचारला गेला. एका उत्तराने दुसऱ्यावर छाप टाकली आणि त्या वर्षीचे गरिबीचे आकडे आधीच्या फेऱ्यांशी ताडून पाहता येतात की नाही, यावर अर्थतज्ज्ञांचा वाद अनेक वर्षं चालला. आपल्या फॉर्ममध्ये निदान ‘या वर्षी’ हे दोन शब्द तरी टाळा. शेतकऱ्याचं वर्ष मृगापासून, मास्तरांचं जूनपासून, बँकेचं एप्रिलपासून, कॅलेंडरचं जानेवारीपासून. ‘मागच्या पोळ्यापासून आजपर्यंत’ असं म्हटलं की सगळे एकाच ठिकाणाहून मोजायला लागतात.

‘सहमत-असहमत’ या पंचायतीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. प्रबंधाला ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशी पाच पर्यायांची पट्टी असलीच पाहिजे, असा जणू अलिखित नियम झाला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा एका विषयावरच्या अनेक विधानांना मिळालेल्या उत्तरांची बेरीज करण्याची त्यांची कल्पना होती. आपल्याकडे एक विधान, पाच पर्याय आणि वर ‘लिकर्ट स्केल वापरले’ अशी नोंद. विधानाला मान डोलावण्याकडे माणसाचा कल असतो, विशेषतः विचारणारा शिकलेला किंवा साहेब वाटला तर. त्यात विधान नकारार्थी असलं की मराठीत गोंधळ पक्काच. ‘ग्रामसेवक वेळेवर कामे करत नाहीत’ याला ‘असहमत’ म्हणजे वेळेवर करतात, हे उलगडायला माणसाला थांबावं लागतं, आणि फोनवर कोणी थांबत नाही. ‘तुम्हाला विम्याची रक्कम मिळाली नाही का?’ याला आपण ‘हो’ म्हणतो तेव्हा ‘हो, नाही मिळाली’ असा अर्थ असू शकतो आणि ‘हो, मिळाली’ असाही. बोलताना मानेवरून कळतं, फॉर्मला मान नसते. त्यापेक्षा विम्याची रक्कम : मिळाली / मिळाली नाही / अर्ज केला नव्हता / माहीत नाही. चार पर्याय, कुठलाही ‘का’ नाही.

‘तटस्थ’ हा पर्यायही असाच खड्डा. त्यात मत नसलेला जातो, प्रश्न न कळलेला जातो, आपल्याला लागूच नाही म्हणणारा जातो आणि ‘कशाला उगाच वाईटपणा घ्या’ म्हणणाराही जातो. ‘माहीत नाही’ आणि ‘मला लागू नाही’ हे दोन पर्याय वेगळे ठेवले की हा खड्डा बराच रिकामा होतो.

पर्यायांचे गट कसे पाडले यावरही उत्तर हलतं. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत केलेला, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्ही वर्गात नेहमी सांगतो. टीव्ही रोज किती तास पाहता, हाच प्रश्न. एका गटाला दिलेले पर्याय अर्ध्या तासापासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून जास्त’ इथे संपत होते. दुसऱ्या गटाचे पर्याय ‘अडीच तासांपर्यंत’ इथून सुरू होऊन साडेचार तासांच्या पुढे जात होते. अडीच तासांहून जास्त पाहतो म्हणणारे पहिल्या गटात १६.२ टक्के, तर दुसऱ्यात ३७.५ टक्के निघाले. माणूस पट्टीच्या मधल्या भागाला ‘चारचौघांसारखं’ धरतो आणि स्वतःला त्याच्या आसपास बसवतो. खत-फवारणीच्या खर्चाचे किंवा कर्जाच्या रकमेचे गट पाडताना हे ध्यानात ठेवावं. शक्य तिथे गट न देता आकडाच लिहू द्यावा.

फोनच्या पडद्याचा विचार फॉर्म बनवणारे करत नाहीत, कारण ते लॅपटॉपवर बसलेले असतात. उभ्या-आडव्या जाळीचा प्रश्न, म्हणजे ओळीत विधानं आणि रकान्यांत पर्याय, फोनवर बाजूला सरकवावा लागतो. ‘पूर्णतः असहमत’ हा शेवटचा रकाना पडद्याबाहेर राहतो आणि अनेकांना तो आहे हेच कळत नाही. दहा ओळींची जाळी दिली की तिसऱ्या ओळीपासून बोट एकाच रकान्यातून सरळ खाली उतरतं. जाळी मोडून एकेक प्रश्न द्यावा. लांब यादीत वरचे पर्याय जास्त निवडले जातात, म्हणून पर्याय फिरवायची सोय वापरावी, पण कमी-जास्त अशी चढती पट्टी फिरवू नये. आणि ‘यापैकी काहीच नाही’ हा पर्याय हाताने टाइप केलेला असेल, तर तोही फिरून भलत्याच जागी मध्ये येऊन बसतो.

सक्तीच्या प्रश्नाशेजारी दिसणाऱ्या लाल फुलीबद्दल : प्रत्येक प्रश्न सक्तीचा केला की माणूस एक तर फॉर्म सोडून देतो किंवा टिंब, शून्य आणि ९९९९९९९९९९ भरतो. ज्याच्याशिवाय पुढचे प्रश्न ठरत नाहीत तेवढेच प्रश्न सक्तीचे ठेवावेत. कमाल मर्यादाही जपून घालावी. कुटुंबातल्या माणसांना दहाची मर्यादा घातली, तर चौदा माणसांचं एकत्र कुटुंब दहाच लिहून पुढे जाईल आणि शीटमध्ये मोठी कुटुंबं नाहीशी होतील.

आपल्या भागाची म्हणून एक खास अडचण आहे. ज्या फॉर्ममध्ये सातबारा, नुकसान आणि बँक हे शब्द येतात तो लोक अनुदानाचा अर्ज समजतात. समजणारच, कारण खरे अर्जही तसेच दिसतात. मग नुकसान वाढतं, उत्पन्न आटतं आणि जमीन ज्या मर्यादेत लाभ मिळेल असं वाटतं तिथे येऊन थांबते. यात लबाडीपेक्षा सावधगिरी जास्त असते. पहिल्याच पडद्यावर, कोण विचारतंय आणि कशासाठी याच्या लगेच खाली, ठळक लिहावं : ‘हा फॉर्म भरल्याने कोणतेही अनुदान मिळणार नाही आणि मिळणारे थांबणारही नाही.’ आधार क्रमांक आणि खाते क्रमांक मागूच नयेत. मोबाइल क्रमांकाची खरंच गरज असेल तर तो शेवटी, ऐच्छिक ठेवावा. जात, उत्पन्न, कर्ज हेही शेवटीच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संमतीची सूचना सोप्या भाषेत असावी आणि ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांतही वाचता यावी अशी तरतूद आहे. म्हणजे मराठीत सूचना देणं ही मेहेरबानी नव्हे.

दुसरी खास अडचण, फॉर्म भरतं कोण? घरात फोन एक, तो मुलाच्या हातात, आणि मुलगा पुण्याला. किंवा उद्दिष्ट पूर्ण करायचं म्हणून आशाताई किंवा सेवा केंद्रवाला रात्री बसून एकामागून एक भरतो. शीट वेळेनुसार लावली की हे उघड दिसतं : रात्री साडेनऊ ते अकरा, दर पाऊण मिनिटाला एक फॉर्म, सगळ्यांत जाळीची उत्तरं ३, ३, ३, ३. अशा वेळी ताईंना दोष देण्यात अर्थ नाही, उद्दिष्ट देणाऱ्याने तेच मागितलं होतं. फॉर्मच्या सुरुवातीलाच विचारावं : ‘हा फॉर्म कोण भरत आहे? स्वतः / घरातील दुसरे कोणी / सेविका किंवा केंद्रचालक.’ लोक बहुधा खरं सांगतात. मग ही तीन प्रकारची उत्तरं वेगवेगळी तपासता येतात.

गूगल फॉर्म फक्त पाठवल्याची वेळ नोंदवतो, उघडल्याची नोंदवत नाही. त्यामुळे कोणी किती वेळात भरलं हे त्यात कळत नाही. ते हवं असेल तर सर्वेक्षणाची दुसरी साधनं आहेत : लाइमसर्व्हेमध्ये वेळ नोंदवण्याची सोय आहे, ओडीकेमध्ये प्रत्येक प्रश्नाच्या वेळेची नोंद ठेवता येते. ओडीके आणि त्याच्याच जातीचं कोबो रेंज नसतानाही चालतात, तांड्या-वस्त्यांवर भरून घेऊन नंतर पाठवता येतात. वेळेची कसोटी लावायला मोठं शास्त्र लागत नाही. वीस प्रश्न पर्यायांसह वाचायलाच चार मिनिटं लागत असतील, तर सव्वा मिनिटात आलेला फॉर्म वाचून भरलेला नाही. सगळ्यांचे वेळ चढत्या क्रमाने लावून मधल्या वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी वेळात आलेले फॉर्म बाजूला काढून तपासावेत. कोणते फॉर्म वगळायचे हा नियम निकाल पाहण्याआधी लिहून ठेवावा, नाहीतर नकोशी उत्तरंच नेमकी ‘निष्काळजी’ ठरतात. ‘इथे कधीच नाही हा पर्याय निवडा’ अशा, न वाचता भरणारे पकडण्यासाठी घातलेल्या सापळ्याच्या प्रश्नांचा आम्हाला फारसा उत्साह नाही. गावाकडच्या माणसाला ती छापण्यातली चूक वाटते किंवा अपमान. घरातली एकूण माणसं आणि वयोगटांची बेरीज जुळते का, हे गुपचूप तपासणं जास्त बरं.

लिंक पाठवण्याआधी एक काम करावंच. ज्यांच्यासाठी फॉर्म आहे त्यांच्यातल्याच सहा-आठ जणांना, त्यांच्याच फोनवर, समोर बसवून भरायला द्यावा. आपण गप्प बसावं. बोट कुठे थबकतं ते पाहावं. नंतर विचारावं, ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा बरं.’ त्यात एक तरी पन्नाशीच्या पुढची बाई असावी आणि एक तरी फुटक्या पडद्याचा स्वस्त फोन. उताऱ्याचे तिन्ही अर्थ पहिल्या तासातच बाहेर येतात. त्यानंतर चाळीस-पन्नास फॉर्म भरून घेऊन थांबावं. ‘इतर’मध्ये दहातल्या एकापेक्षा जास्त गेले असतील तर पर्याय अपुरे आहेत, सगळे एकाच पर्यायावर गेले असतील तर प्रश्न निरुपयोगी आहे.

आणि उत्तम फॉर्मही गटागटांतून फिरवला की ज्याच्याकडे तो पोहोचला त्याचंच मत सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं. ‘४०० जण म्हणजे ५ टक्के कमी-जास्त’, म्हणजे ४०० जणांना विचारलं की खरा आकडा बहुधा पाच टक्क्यांच्या आतबाहेर असतो, हे गणित त्या ४०० जणांची निवड यादीतून चिठ्ठ्या टाकून झाली असेल तरच लागू होतं. फॉरवर्ड झालेल्या लिंकला ते लावणं ही शुद्ध फसवणूक आहे, मग ती प्रबंधात असो की पहिल्या पानावर.

म्हणून आपल्याकडे एक मागणी. यापुढे आपल्या दैनिकात कुठल्याही ऑनलाइन सर्वेक्षणाची टक्केवारी छापताना तिच्याशेजारी पाच गोष्टी छापाव्यात : प्रश्न जसाच्या तसा, सर्व पर्यायांसह; लिंक कुठे व कशी पाठवली; कोणत्या तारखांना; किती फॉर्म आले आणि किती वगळले; स्वतः भरलेले किती. दोन इंचांच्या चौकटीत हे सगळं बसतं. ज्यांना ही माहिती देता येत नाही, त्यांचा आलेख छापायची घाई करू नये. आपल्या संकेतस्थळावर ‘कौल’ म्हणून जे रोजचे हो-नाहीचे प्रश्न येतात, त्यांचे निकाल दुसऱ्या दिवशी ‘वाचकांचे मत’ म्हणून छापले जातात. तिथेही निदान ‘संकेतस्थळावर येऊन बटण दाबलेल्यांचे मत’ असं लिहावं.

आपले,
संख्याशास्त्राचे काही शिक्षक,
परभणी